महापालिकेचा निकाल कसा वाचावा: पहिल्यांदाच आकडे घेऊन बसणाऱ्यांसाठी

महापालिकेच्या निकालाच्या संध्याकाळी एकाच शहरात तीन पक्षांच्या कार्यालयांपुढे गुलाल उधळला जातो, आणि तिघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे असते. एक सर्वांत मोठा पक्ष ठरलेला असतो, दुसऱ्याच्या जागा मागच्या वेळेपेक्षा वाढलेल्या असतात आणि तिसऱ्याला विचारल्याशिवाय कोणाचेच पान हलणार नसते. नव्याने मतदार झालेल्याला किंवा बाहेरून शहरात राहायला आलेल्याला या गोंधळातून एवढेच हवे असते: सत्ता कोणाची आली?

डिसेंबर २०१८ ची अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची निवडणूक घ्या. जागा ६८. शिवसेना २४, राष्ट्रवादी काँग्रेस १८, भाजप १४, काँग्रेस ५, बसप ४, समाजवादी पक्ष १, अपक्ष २. महापौर झाला भाजपचा, म्हणजे तिसऱ्या क्रमांकाच्या पक्षाचा. पहिल्या क्रमांकाची शिवसेना विरोधात बसली. हा तक्ता पाहून असे काही घडू शकते हे ज्याला आधीच दिसते, त्याला निकाल वाचता येतो. ते कसे दिसते ते आता क्रमाने पाहू. सोबत कागद-पेन्सिल ठेवा, गणित चौथीच्या पुढचे नाही.

१. आधी पाहा, निवडणूक कशाची होती

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पुढचे सगळेच चुकते. महाराष्ट्रात ‘स्थानिक निवडणूक’ या एका नावाखाली निरनिराळ्या पद्धती नांदतात.

मुंबई महापालिकेत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडून येतो. २२७ प्रभाग, २२७ नगरसेवक. इथे एक जुना घोळ आहे. मुंबईकर ‘वॉर्ड’ म्हणतात तेव्हा कधी निवडणुकीचा प्रभाग अभिप्रेत असतो, तर कधी जी-उत्तर, के-पश्चिम यांसारखा प्रशासकीय विभाग. एका प्रशासकीय विभागात असे अनेक निवडणूक प्रभाग येतात. पाण्याची तक्रार घेऊन जाता ते कार्यालय एका अर्थाने वॉर्ड, मत देता तो दुसऱ्या. निकाल शोधताना तुमच्या प्रभागाचा क्रमांकच लागतो.

मुंबईबाहेरच्या महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग असतात, बहुतेक ठिकाणी चार सदस्यांचे. अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येक जागेचे आरक्षण वेगळे, उमेदवार वेगळे आणि मतही वेगळे. म्हणजे पुण्यातला मतदार एकदा केंद्रात जाऊन चार मते देऊन येतो. पक्ष इथे चौघांचे पॅनल उभे करतात आणि ‘पॅनल टू पॅनल’ मत मागतात. मतदार मात्र आपल्या मनाप्रमाणे दोन इकडे, दोन तिकडे करू शकतो, आणि करतोही.

नगरपरिषद आणि नगरपंचायतीत नगराध्यक्ष सध्या थेट जनतेतून निवडला जातो. ही तरतूद २०१६ मध्ये आली, मग रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. त्यामुळे जुने निकाल पाहताना वर्ष तपासून घ्या. थेट निवडीचा परिणाम असा की नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचे, असे होऊ शकते. तेव्हा ‘नगरपरिषद अमक्याने जिंकली’ हे वाक्य ऐकले की विचारा: खुर्ची की सभागृह?

ग्रामपंचायतीचे तर सगळेच निराळे. तिथे पक्षचिन्हावर निवडणूक होतच नाही. शिट्टी, कपबशी, नारळ अशी मुक्त चिन्हे मिळतात, गटागटांची पॅनल लढतात. तरीही निकालानंतर प्रत्येक पक्ष ‘आमच्या इतक्या ग्रामपंचायती’ असा आकडा काढतो आणि सगळ्यांचे दावे मिळवले तर बेरीज एकूण ग्रामपंचायतींच्या वर जाते. हे आकडे करमणूक म्हणून वाचावेत. गोव्यात नगरपालिकांनाही पॅनलचीच भाषा लागू पडते. पणजीचा निकाल कोणत्या आमदाराचे पॅनल आले अशा शब्दांत सांगितला जातो.

आणि हो, या सगळ्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. लोकसभा-विधानसभा घेणारा भारत निवडणूक आयोग वेगळा. त्याच्या संकेतस्थळावर नगरसेवकाचा निकाल शोधत बसू नका; तो राज्य आयोगाकडे आणि त्या-त्या महापालिकेकडे मिळतो.

२. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात बहुमताचा आकडा लिहा

एकूण जागांचे निम्मे करा आणि त्याच्या पुढचा पूर्णांक घ्या. मुंबई २२७, बहुमत ११४. नाशिक १२२, बहुमत ६२. ठाणे १३१, बहुमत ६६. अहमदनगर ६८, बहुमत ३५.

पक्षांच्या जागा पाहण्याआधी हा आकडा लिहायचा, नंतर नाही. कारण वाहिन्यांवर पट्टी फिरते ती ‘सर्वांत मोठा पक्ष’ या शब्दांची, आणि त्या शब्दांना कायद्यात काहीही किंमत नाही. सर्वांत मोठ्या पक्षाला आधी बोलावण्याची राज्यपालांची परंपरा विधानसभेपुरती. महापालिकेत कोणी कोणाला बोलावत नाही. ठरलेल्या दिवशी महापौर निवडायला नगरसेवकांची सभा भरते, अर्ज येतात, हात वर होतात, मोजणी होते, संपले.

२०१७ चे तीन निकाल या आकड्यासमोर ठेवून पाहा. नाशिकला भाजप ६६, म्हणजे बहुमताच्या चार वर. सुखाचा निकाल. ठाण्यात शिवसेना ६७, म्हणजे फक्त एक वर. सत्ता स्वबळाची, पण प्रत्येक नगरसेवकाचा रुसवा काढावा लागणार अशी. आणि मुंबईत शिवसेना ८४, भाजप ८२, काँग्रेस ३१, राष्ट्रवादी ९, मनसे ७, समाजवादी ६, एमआयएम २, अपक्ष व इतर ६. पहिल्या दोघांपैकी एकालाही शंभरी गाठता आलेली नाही, आणि दोघे राज्याच्या सरकारात भागीदार असून शहरात एकमेकांविरुद्ध लढलेले.

मुंबईचा हा निकाल मी शिकण्यासाठी सर्वांत उपयोगी मानतो. ताजा नाही हाच त्याचा गुण आहे. त्याचे पुढे काय-काय झाले ते सगळे आपल्याला माहीत आहे.

३. मतमोजणीच्या दिवशी धीर धरा

सकाळी टपाली मते, मग यंत्रांच्या फेऱ्या. पहिल्या दोन फेऱ्यांतले ‘पुढे’ आणि ‘मागे’ यांना फारसा अर्थ नसतो, कारण फेऱ्या मतदान केंद्रांच्या क्रमाने होतात. एखाद्याची वस्ती पहिल्या फेरीत मोजली गेली म्हणून तो पुढे दिसतो, दुसऱ्याचे सोसायट्यांचे पट्टे शेवटी असतात. प्रभाग लहान असल्यामुळे एका वस्तीने चित्र पालटते. वाहिन्यांचे तक्ते पुढे असलेले आणि विजयी झालेले एकत्र मिळवून दाखवतात. दुपारपर्यंत त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने जाहीर केले तोच निकाल.

‘नोटा’, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाकडेही एक नजर टाका. महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये ठरवले की स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मते पडली तर त्या जागेसाठी फेरनिवडणूक होईल. विधानसभेत अशी सोय नाही.

बरोबरी झाली तर चिठ्ठी. हे फक्त नियमांच्या पुस्तकात नाही. २०१७ मध्ये मुंबईच्या प्रभाग २२० मध्ये भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना सारखीच मते पडली, चिठ्ठी काढली आणि जागा भाजपकडे गेली. ८४ विरुद्ध ८२ अशा चुरशीत ती एक चिठ्ठी.

४. तक्त्यातला प्रत्येक पक्ष नीट ओळखा

आता पक्षनिहाय तक्ता समोर घ्या. त्यातल्या ओळी दिसतात तितक्या सरळ नसतात.

पहिले म्हणजे मित्रपक्ष. छोटा पक्ष मोठ्याच्या चिन्हावर लढला तर त्याचे नगरसेवक मोठ्याच्या खात्यात मोजले जातात. पुण्यात २०१७ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार कमळावर लढले. अशा वेळी एक वृत्तपत्र दोन्ही पक्षांची वेगळी ओळ देते, दुसरे एकच देते, आणि वाचक म्हणतो आकडे चुकले. चुकलेले नसतात. चिन्ह कोणते, हा प्रश्न विचारला की उलगडा होतो. कायद्याच्या दृष्टीने नगरसेवक चिन्हाच्या पक्षाचा.

दुसरे, स्थानिक आघाड्या. कोल्हापुरात ताराराणी आघाडी, भिवंडीत कोणार्क विकास आघाडी. राज्याच्या बातम्यांत यांचे नाव ‘इतर’मध्ये गाडले जाते, पण शहरात ती त्या-त्या घराण्याची किंवा नेत्याची पक्की ताकद असते. ‘इतर’ ही ओळ उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. भिवंडीची गोष्ट पुढे येतेच.

तिसरे, अपक्ष. बऱ्याच वेळा अपक्ष म्हणजे तिकीट नाकारलेला बंडखोर. तो कोणाचा बंडखोर हे मतदानाआधीच्या आठवड्यातल्या स्थानिक पानावर छापून आलेले असते. निवडून आल्यावर तो घरी परततो की दुसऱ्याशी सौदा करतो, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

चौथे, आणि आज सर्वांत महत्त्वाचे. २०१७ मध्ये एक शिवसेना होती आणि एक राष्ट्रवादी. १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले तेव्हा दोनाच्या चार ओळी झालेल्या होत्या: धनुष्यबाणाची शिवसेना, मशालीची शिवसेना, घड्याळाची राष्ट्रवादी, तुतारीवाल्याची राष्ट्रवादी. ‘मागच्या वेळी ८४, या वेळी इतक्या’ असे कोणी म्हणाले तर कोणाच्या ८४ असे विचारा. त्या ८४ पैकी बरेच जण मधल्या काळात इकडून तिकडे गेलेले. प्रभागांच्या सीमाही बदललेल्या असतात, त्यामुळे ‘आमचा बालेकिल्ला राखला’ हे वाक्य कधी-कधी नकाशालाच मान्य नसते.

५. आपल्या प्रभागाचा निकाल वेगळा वाचा

शहराचा आकडा पाहून झाला की आपल्या प्रभागाचे पान उघडा. इथे चार गोष्टी बघायच्या: मतदार किती, मतदान किती, विजयी उमेदवाराला किती, आणि दुसऱ्या-तिसऱ्याला किती.

समजा ५०,००० मतदार, मतदान २५,०००. चौरंगी लढत. विजयी उमेदवाराला ८,५००, दुसऱ्याला ७,९००, तिसऱ्याला ५,१००, उरलेली इतरांत आणि नोटात. विजयी उमेदवाराला पडलेल्या मतांपैकी ३४ टक्के मिळाली आणि एकूण मतदारांपैकी १७ टक्के. हे काही बेकायदा किंवा लाजिरवाणे नाही, बहुपक्षीय लढतीत असेच होते. पण यावरून ‘प्रभागाने अमक्या विचाराला कौल दिला’ असा लेख लिहिणाऱ्याला हाताने थांबवावे.

तिसऱ्याची मते पहिल्या दोघांमधल्या फरकापेक्षा जास्त असली की लगेच ‘मतविभागणी झाली’ हा निष्कर्ष येतो. वरच्या उदाहरणात फरक ६००, तिसऱ्याची मते ५,१००. म्हणून तिसरा नसता तर दुसरा जिंकला असता का? त्या ५,१०० जणांनी दुसऱ्यालाच मत दिले असते हे गृहीत धरले तरच. नगरसेवकाच्या निवडणुकीत माणूस पाहून मत पडते. तिसऱ्या उमेदवाराच्या गल्लीतली मते कोणत्याच पक्षाची नसतात, त्याच्याबरोबर आलेली असतात आणि तो नसता तर घरीच राहिली असती. मतविभागणी हे खरे कारण असते, पण ते जितक्या वेळा सांगितले जाते तितक्या वेळा नसते.

टक्केवारीत आणखी एक खड्डा आहे. चार सदस्यांच्या प्रभागात २०,००० माणसे मतदानाला आली तर मते ८०,००० होतात. अशा शहरातली ‘एकूण मते’ आणि मुंबईतली ‘एकूण मते’ यांची तुलना करता येत नाही. शिवाय पक्ष सगळ्या जागा लढवत नाहीत. काही मित्रपक्षांना सोडतात, काही ठिकाणी उमेदवारच मिळत नाही. ६० जागा लढवून २० टक्के मते आणि १६० लढवून २२ टक्के, यांत दुसरा पक्ष पुढे आहे असे म्हणणे धाडसाचे. लढवलेल्या जागांचा आकडा मागा. बिनविरोध निवडून आलेल्या जागांवर मतच पडलेले नसते, तेही ध्यानात धरा.

बहुसदस्यीय प्रभागात चारही जागांचे विजयी उमेदवार एका रेघेत लिहा. चौघे एकाच पक्षाचे असतील तर चिन्हावर मतदान झाले. तीन एकाचे आणि एक भलत्याच पक्षाचा असेल तर त्या एकाकडे नीट पाहा. पॅनल फोडून निवडून आलेला माणूस बहुधा कामाचा किंवा वजनाचा असतो, आणि पुढची पाच वर्षे तुमच्या तुंबलेल्या गटारासाठी कोणाला फोन करायचा याचे उत्तर बऱ्याचदा तिथे मिळते.

६. निकाल ते महापौर: मधले दिवस

खरा खेळ इथे आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

निकालानंतर प्रत्येक पक्ष आपला गट विभागीय आयुक्तांकडे नोंदवतो आणि गटनेता निवडतो. मुंबईसाठी हे काम कोकण विभागीय आयुक्तांकडे. छोटे पक्ष आणि अपक्ष मिळून आघाडी करू शकतात, पण त्याला मुदत असते: निकालाची अधिसूचना निघाल्यापासून एक महिना. या नोंदणीची बातमी वृत्तपत्रात आतल्या पानावर चार ओळींत येते. ती कापून ठेवा. पुढे कोण फुटला आणि कोण नाही हे कायदा या नोंदणीवरून ठरवतो.

महापौरपद अडीच वर्षांचे आणि ते आरक्षणाने फिरते. सोडत नगरविकास विभाग काढतो. सोडतीत पद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी निघाले आणि बहुमतवाल्या पक्षाकडे तशी नगरसेविकाच नसली, तर बहुमत असून पंचाईत. त्यामुळे जागा मोजताना प्रवर्गही मोजा. जाणते लोक सोडतीच्या आधीच प्रत्येक पक्षाकडे कोणत्या प्रवर्गाचे किती जण आले याची यादी करून बसलेले असतात.

मग येते सहल. काठावरचे बहुमत असले की नगरसेवक एकत्र कुठेतरी रिसॉर्टवर जातात, फोन बंद होतात आणि थेट सभेच्या दिवशी बसमधून उतरतात. बातमीत ‘सहलीला रवाना’ असे दिसले की त्या पक्षाला स्वतःच्याच माणसांची खात्री नाही एवढे समजावे.

सभेत मतदान हात उंचावून होते आणि जिंकायला हजर राहून मत देणाऱ्यांत जास्त हात लागतात. हा बारकावा फार मोठा आहे. सांगली-मिरज-कुपवाडचे पाहा. ७८ जागा, बहुमत ४०. २०१८ मध्ये भाजपला ४१ मिळाल्या, काँग्रेसला २०, राष्ट्रवादीला १५, अपक्ष व इतर २. स्वच्छ बहुमत. फेब्रुवारी २०२१ मध्ये अडीच वर्षांनी दुसरा महापौर निवडायचा होता, तेव्हा राष्ट्रवादीचा उमेदवार ३९ विरुद्ध ३६ मतांनी जिंकला. १५ नगरसेवकांच्या पक्षाचा महापौर. आणि ३९ हा आकडा ४० च्या खाली आहे! भाजपचे काही विरोधात गेले, काही आलेच नाहीत, आणि तेवढ्याने भागले. गैरहजर राहणे हेसुद्धा एक मतच असते.

मुंबईत २०१७ ला उलट दिशेने तेच घडले. ८४ आणि ८२ च्या कोंडीत भाजपने महापौरपदासाठी उमेदवार न देण्याचा निर्णय घेतला आणि सत्तेत न जाता शिवसेनेला मत दिले. विश्वनाथ महाडेश्वर १७१ मतांनी महापौर झाले. १७१ हा आकडा नुसता वाचला तर प्रचंड बहुमत वाटेल. ते शिवसेनेचे बहुमत नव्हते. भाजप स्वतःला ‘पहारेकरी’ म्हणवत बाहेर बसला आणि पुढची वर्षे महापालिकेत सर्वांत मोठा आवाज त्याचाच राहिला.

अहमदनगरचे कोडेही आता सुटेल. भाजपच्या १४ मध्ये राष्ट्रवादीचे १८ आणि बसपचे ४ मिळवा. ३६ होतात, बहुमताला ३५ लागतात. भाजपच्या महापौराला ३७ मते पडली. राज्यात एकमेकांचे कट्टर विरोधक असलेले दोन पक्ष शहरात शिवसेनेला रोखण्यासाठी एकत्र आले. राष्ट्रवादीने नंतर त्या अठराही नगरसेवकांवर पक्षातून काढण्याची कारवाई केली, पण महापौर तर बसला होता. राज्यातली युती आणि शहरातली युती एकच असेल असे धरून चालणारा वाचक दर वेळी फसतो.

७. महापौर झाला, आता तिजोरी पाहा

बातम्या इथे थांबतात. तुम्ही थांबू नका.

महापौर सभागृह चालवतो, शहराचा पहिला नागरिक म्हणून मान घेतो. कारभाराचे अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे असतात. आणि खर्चाच्या मंजुऱ्या, निविदा, अंदाजपत्रकाचा पहिला टप्पा हे सगळे स्थायी समितीकडे. म्हणून पक्ष महापौरपद सोडतील, पण स्थायीचे अध्यक्षपद सोडताना दहा वेळा विचार करतील. ‘महापौर तुमचा, स्थायी आमची’ हा तोडगा राज्यभर चालतो.

मुंबईत या समितीत २७ सदस्य असतात, इतर महापालिकांत १६. जागा पक्षांच्या बळाच्या प्रमाणात वाटल्या जातात आणि दर वर्षी निम्मे सदस्य निवृत्त होतात. हिशेब असा: पक्षाच्या जागांना १६ ने गुणा आणि सभागृहाच्या संख्येने भागा. अहमदनगरचेच आकडे घालून, केवळ सरावासाठी, पाहू. शिवसेना ५.६५, राष्ट्रवादी ४.२४, भाजप ३.२९, काँग्रेस १.१८, बसप ०.९४, दोन अपक्ष ०.४७, समाजवादी ०.२४. पूर्णांकांची बेरीज १३. उरलेल्या तीन जागा अपूर्णांकांच्या आधारे जाणार. आता समाजवादी आणि दोन अपक्ष यांनी गट केला तर त्यांचे ०.७१ होते आणि एकेकट्याला जे मिळाले नसते ते तिघांना मिळू शकते. एक-दोन नगरसेवकांचे पक्ष निकालानंतर लगबगीने कोणाच्या तरी गटात का शिरतात, ते या दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांत दडलेले आहे. स्थायीच्या एकेका जागेवरून पक्ष उच्च न्यायालयापर्यंत गेलेले आहेत.

स्वीकृत, म्हणजे निवडणुकीतून न येता पक्षांकडून घेतलेले नगरसेवकही याच प्रमाणात वाटले जातात. कायद्याची अपेक्षा अशी की डॉक्टर, अभियंता, प्रशासनाचा अनुभव असलेली माणसे यावीत. प्रत्यक्षात पराभूत उमेदवारांची आणि तिकीट न मिळालेल्यांची सोय लावली जाते. त्यांना सभागृहात मत नसते, म्हणून बहुमत मोजताना त्यांना धरू नका.

८. तक्ता पाच वर्षे जपून ठेवा

नगरसेवक पाच वर्षांसाठी निवडला जातो, पण पक्षांचे बळ तेवढा काळ तसेच राहत नाही. त्याची चार कारणे.

पोटनिवडणूक. मृत्यू, राजीनामा यांमुळे जागा रिकाम्या होतात.

जातप्रमाणपत्र. आरक्षित जागेवरून आलेल्याला जातवैधता प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत द्यावे लागते. मुंबईत २०१७ च्या सभागृहातले काही नगरसेवक प्रमाणपत्र अवैध ठरल्याने पद गमावून बसले.

विलीनीकरण. स्थानिक संस्थांसाठी महाराष्ट्राचा १९८६ चा वेगळा पक्षांतरबंदी कायदा आहे. गटातले दोनतृतीयांश सदस्य दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर ते अपात्र ठरत नाहीत. ऑक्टोबर २०१७ मध्ये भांडुपची पोटनिवडणूक भाजपने जिंकली, शिवसेनेशी अंतर आणखी कमी झाले आणि लगोलग मनसेच्या सातपैकी सहा नगरसेवक शिवसेनेत गेले. सातचे दोनतृतीयांश म्हणजे पाच. सहा गेले, त्यामुळे कायद्याच्या चौकटीत बसले. छोटा पक्ष असा गिळणे सोपे असते. सात जणांत पाच जमवावे लागतात, ४७ जणांत ३२.

४७ हा आकडा सहज आलेला नाही. भिवंडी-निजामपूर महापालिकेत २०१७ ला ९० पैकी ४७ जागा काँग्रेसने जिंकल्या होत्या, कोणाची मदत न लागता बहुमत. डिसेंबर २०१९ मध्ये काँग्रेसचे १८ नगरसेवक फुटले आणि कोणार्क विकास आघाडीच्या प्रतिभा पाटील महापौर झाल्या. या आघाडीचे नगरसेवक होते चार. जळगावात २०१८ ला भाजपने ७५ पैकी ५७ जागा घेतल्या, शिवसेनेने १५. मार्च २०२१ मध्ये शिवसेनेच्या जयश्री महाजन ४५ विरुद्ध ३० मतांनी महापौर झाल्या. भाजपचे २७ जण तिकडे गेले होते. १८ काय आणि २७ काय, दोन्ही आकडे दोनतृतीयांशाच्या खाली.

मग ते लगेच अपात्र का झाले नाहीत असा प्रश्न कोणीही विचारील. गटनेत्याने व्हीप, म्हणजे कोणाला मत द्यायचे याचा पक्षादेश, बजावलेला असतो, तक्रारही होते. महापालिकेसाठी विभागीय आयुक्त आणि नगरपरिषदेसाठी जिल्हाधिकारी सुनावणी घेतात, मग वरच्या पायऱ्या असतात, न्यायालय असते. चौथे कारण हेच: वेळ. सभागृहाची मुदत पाच वर्षे, महापौराची अडीच, आणि सुनावणीला मुदतीची घाई नसते. मधल्या काळात राज्यात सत्ता बदलली तर आणखी निराळे. भिवंडी आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी महापौर पालटला तो राज्यात नवे सरकार आल्यानंतर, हे तारखा शेजारी-शेजारी ठेवल्या की दिसते.

तेव्हा तुमच्या तक्त्यात पक्षाच्या जागांपुढे तीन रकाने मोकळे सोडा: महिन्यानंतरची गटनोंदणी, अडीच वर्षांनंतरची महापौर निवडणूक, आणि शेवटच्या वर्षातली स्थायी समिती. पहिला रकाना निकालानंतर महिन्याभरात भरतो. दुसऱ्या महापौराची सोडत निघाली की दुसरा भरायला घ्या, आणि त्या आठवड्यात कोण सहलीला गेले याची बातमी आधी शोधा.